उलट फेरी

इमेरेतीच्या डोंगरात आमच्याकडे चाक फिरत नाही,
माणूस फिरतो.
एवढा थोरला रांजण, त्याला कोण फिरवणार?
ओतिया काका मातीचा दोर खांद्यावर टाकतात
आणि त्याच्याभोवती चालत राहतात, घाण्याच्या बैलासारखे.
एका दिवसात एक वीत.
मग थांबायचं. भिंतीला जरा वाळू द्यायचं.
मग पुढची वीत.
द्राक्षं पिकेपर्यंत ती माणसाच्या डोक्यावर जाते.

शाळेत मी एका जागी कधी बसले नाही.
जॉर्जियन अक्षरं, सगळी गोल, वेलीच्या तणाव्यांसारखी,
तीही मला पळतानाच दिसायची.
फळ्याकडून न वळता मानाना बाई म्हणायच्या,
दारिको, खाली बस.
आणि मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं,
हिची अक्कल गुडघ्यात.
पोरं हसायची. मीही हसायचे,
बाकाखाली गुडघा हलतच असायचा.

सतराव्या वर्षी आईने इथे आणून सोडलं.
सोबत बेसो, चुलतभाऊ. त्याच्या हातात वही.
मातीत वाळू किती, दोर केवढा जाड,
अंगठ्याने किती दाबायचं त्याचाही त्याने आकडा लिहिला.
आणि खरं सांगते, त्याचा रांजण सरळ उभा राहिला.
मीही वही आणली.
माझा रांजण तिसऱ्या वितीपासून नदीकडे कलला,
लग्नाहून परतणाऱ्या पाहुण्यासारखा.

काकांना विचारलं, कसं?
ते म्हणाले, असं.
आणि करून दाखवलं.
बघून बघून डोळे दुखले,
हाताला काही कळलं नाही.

त्या दिवशी काका झेस्ताफोनीला मयतीला गेलेले.
मळलेली माती वाळून जाईल म्हणून मी दोर उचलला
आणि नेहमीच्या चरात उभी राहिले.
त्यांच्या पावलांनी जमिनीत गोल चर पडलाय,
चाळीस वर्षांचा.
त्यातून चालताना मी कायम अडखळते.
का कोण जाणे,
उलटी वळले.

उजवा हात आत. डावा बाहेर.
मधे भिंत, ओली, कणकेहून गार.
पाऊल, चिमूट. पाऊल, चिमूट.
कुठे जाड झालंय ते आधी टाचेला कळायचं,
मग तळहाताला,
आणि डोक्याला सगळ्यात शेवटी,
पत्ता चुकून उशिरा आलेल्या पत्रासारखं.
अंधार पडला. मी थांबले नाही.

मानाना बाई, तुमचं फारसं चुकलं नव्हतं.
गुडघ्यात नाही, आणखी खाली.
टाचेत.

सकाळी काकांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवली.
मग खाली बघितलं,
त्यांच्या चरात उलटी उमटलेली माझी पावलं.
"डावखुरी आहेस? आधी नाही सांगितलंस?"
मला तरी कुठे माहीत होतं?
पेन्सिल सगळ्यांना उजव्यातच दिली होती.

आठवडाभर भट्टी पेटली. माझा रांजण तडकला,
पायथ्याशी, जिथे मी वही बघून बांधला होता.
निदान मी तरी लोकांना असंच सांगते.
आता त्यात कुत्री व्यायलीय.
त्यानंतरचा टिकला. गरम असतानाच मेण प्यायला,
आणि कुणाच्या तरी परसात
गळ्यापर्यंत जमिनीत उतरला.

यंदा गोचा आलाय, बारा वर्षांचा.
चालत नाही, लिहीत नाही, काकांकडे बघतही नाही.
भिंतीला टेकून अंगठ्याएवढे रांजण करतो,
मोडतो,
आत काय होतं ते बघतो.
जिभेवर येतं, ऊठ, उलटं चालून बघ.
गिळते.
ओल्या फडक्यात गुंडाळलेला गोळा
त्याच्या शेजारी ठेवते,
आणि चरात परत येते.

दोन पावलं होतात न होतात, मागे
फट्.
अजून एक मोडला.